सायकल ही कायद्याने गाडी आहे की नाही?

गोव्यात सकाळी पोंय पोंय हॉर्न वाजवत सायकलवरून पाव विकणारा पोदेर येतो ना, त्याच्याकडे एकदा कायद्याच्या नजरेने बघा. पाठी कॅरियरवर पावाची भलीमोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, डोक्यावर हेल्मेट नाही, सायकलला नंबर प्लेट नाही, खिशात लायसन्स नाही, इन्शुरन्स आणि पीयूसी तर सोडूनच द्या. आणि ज्या सर्कलवरून तो जातो तिथेच ट्रॅफिक सेलचा पोलिस उभा असतो, स्कूटरवाल्यांना धडाधड तालांव (चलान) देत असतो, पण पोदेराला तो अडवत नाही. दया येते म्हणून नाही, अडवून तालांव कुठल्या कलमाखाली द्यायचा हाच प्रश्न असतो.

ह्यावरून लोक दोन टोकाची बोलणी करतात. सायकलवाले म्हणतात आम्हाला कसलाच नियम लागू नाही, सिग्नल तोडला तरी कोण काय करणार. आणि कारवाले म्हणतात ह्यांची सायकल गाडीच नाही, टॅक्स भरत नाहीत, मग रस्त्याच्या मधून कशाला जातात, कडेला गटारातून जावं. दोन्ही चूक आहे. गंमत अशी की दोघांकडेही अर्धा अर्धा कायदा बरोबर आहे, कारण सायकल गाडी आहे का ह्याचं उत्तर प्रश्न कुठला कायदा विचारतोय त्यावर ठरतं.

आधी मोटर वाहन कायदा १९८८ घेऊ, कारण लायसन्स, आरसी, हेल्मेट, तालांव सगळं तिथूनच येतं. त्याच्या कलम २ मधल्या २८ व्या पोटकलमात व्याख्या आहे, आणि ती जरा वेगळीच आहे. तिथे 'मोटर वाहन' आणि नुसतं 'वाहन' ह्या दोन्ही शब्दांना एकच अर्थ दिलाय. म्हणजे ह्या कायद्यात जिथे जिथे 'वाहन' येईल तिथे तिथे मोटर वाहनच समजायचं. आणि ते म्हणजे काय, तर यांत्रिक शक्तीने चालणारं आणि रस्त्यावर वापरता येण्यासारखं केलेलं वाहन, मग ती शक्ती आतून मिळो की बाहेरून.

इथे एखादा हुशार माणूस म्हणणार, अहो मग पेडल, चेन, गिअर हे यंत्रच झालं की. तर नाही. प्रश्न गाडीत यंत्र आहे का हा नाहीये, तिला ढकलणारी शक्ती कुठली हा आहे. चेन फक्त तुमच्या पायांचा जोर मागच्या चाकापर्यंत पोचवते, जोर पायांचाच. म्हणून साधी सायकल, हातगाडी, बैलगाडी ही सगळी ह्या व्याख्येच्या बाहेर. त्याच व्याख्येत अजून एक सूट आहे, चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपेक्षा जास्त नाही असं इंजिन असेल तर तेही मोटर वाहन धरायचं नाही. सायकलला बारकं पेट्रोल इंजिन लावून फिरणारे असतात ते त्या फटीतून सुटतात.

एकदा व्याख्येच्या बाहेर गेलं की पुढची सगळी रांग कोसळते. कलम ३ चं लायसन्स मोटर वाहन चालवणाऱ्याला. कलम ३९ चं रजिस्ट्रेशन मोटर वाहनाचं. कलम १४६ चा थर्ड पार्टी इन्शुरन्स मोटर वाहनाचा. कलम १२९ चं हेल्मेट मोटरसायकलवर बसणाऱ्याला, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, पण मोटरसायकलवरच. डबल सीट ट्रिपल सीटचं कलम १२८, तेही मोटरसायकलचं. आणि कलम १८५, दारू पिऊन चालवणं, त्यातही शब्द मोटर वाहन असाच आहे. म्हणून शॅकमधून दोन फेणी मारून सायकलवरून झोकांड्या खात जाणाऱ्याला अल्कोमीटर लावून १८५ खाली धरता येत नाही. (हेल्मेट सक्तीचं नाही म्हणून घालू नका असं मी म्हणत नाहीये हां, पावसात शेवाळलेल्या उतारावर पुढचं चाक कसं सटकतं ते ज्याला माहितीये तो घालतोच.)

आता ह्याच कायद्यातली एक विसंगती सांगतो, मला ती फार आवडते. कायद्याच्या शेवटी पहिल्या अनुसूचीत रस्त्यावरच्या पाट्यांची चित्रं आहेत. त्यात 'सायकलला बंदी' अशी पाटी आहे. सायकल क्रॉसिंग जपून, अशी आहे. फक्त सायकल ट्रॅक अशी निळी गोल पाटी आहे. टांग्याला बंदी, बैलगाडी आणि हातगाडीला बंदी, ह्यासुद्धा आहेत. म्हणजे व्याख्येत सायकलला घराबाहेर काढलं आणि पाट्यांमध्ये तिचं नाव घेऊन तिला सांगितलं की इथे येऊ नकोस. पण पाटी पाळायचं बंधन ज्या कलम ११९ मध्ये घातलंय तिथे शब्द पुन्हा 'मोटर वाहनाचा चालक'. मग सायकलवाल्याने पणजीच्या १८ जून रस्त्यावर वन-वेच्या उलट सायकल घातली तर? ह्या कायद्याखाली तालांव देणं कठीण. पण म्हणून मोकळं रान मिळालं असं समजू नका, तिथेच लोक फसतात, कारण पुढचा कायदा वाट बघत उभा असतो.

तो म्हणजे फौजदारी कायदा. १ जुलै २०२४ पासून आयपीसी गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातलं कलम २८१ म्हणजे जुनं २७९, बेदरकार चालवणं. त्यात मोटर वाहन असा शब्दच नाहीये. सार्वजनिक रस्त्यावर जो कोणी 'कुठलंही वाहन' चालवेल किंवा 'स्वार होऊन' जाईल आणि ते इतकं बेदरकार किंवा हयगयीने असेल की माणसाच्या जिवाला धोका होईल, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'वाहन' म्हणजे काय ह्याची व्याख्या संहितेत नाही, म्हणून नेहमीच्या बोलण्यातला अर्थ घ्यायचा आणि त्यात सायकल आरामात बसते. मुळात हे वाक्य १८६० सालचं आहे, तेव्हा मोटर नव्हतीच, लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बग्ग्या आणि घोडेस्वार होते. त्यामुळे घोडा चालतो तिथे सायकल का चालणार नाही.

इंग्लंडमध्ये हा वाद खरंच कोर्टात गेला होता, १८७९ साली. लंडनच्या मझवेल हिलच्या उतारावरून एक इसम सायकल सुसाट सोडून आला आणि एका माणसाला पाडलं. कायदा १८३५ चा, त्यात 'कॅरेज' भरधाव हाकू नये असं होतं. बचावाचं म्हणणं, १८३५ मध्ये सायकल होती कुठे, मग ती कॅरेज कशी. टेलर विरुद्ध गुडविन म्हणून ही केस प्रसिद्ध आहे. कोर्टाने सांगितलं की कॅरेजच आहे, माणसाला वाहून नेते ना, आणि रस्त्यावरच्या लोकांना धोका सारखाच. पुढे १८८८ मध्ये तिथल्या पार्लमेंटने ते कायद्यातच लिहून टाकलं. आणि त्याचा सायकलवाल्यांना फायदाच झाला, कॅरेज आहे म्हटल्यावर रस्त्यावरून जायचा हक्कही आपोआप आला.

तर आपल्याकडे परत येऊ. वन-वेतून उलट येताना तुम्ही एखाद्या आजीला धडकलात आणि तिचा खुबा मोडला, तर न्याय संहितेचं कलम १२५ लागतं, हयगयीने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं, आणि गंभीर दुखापत असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद. कुणी दगावलं तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. ह्यात तुमच्याकडे सायकल होती की फॉर्च्युनर हे कायदा विचारत नाही. फेणीवाल्या सायकलस्वाराचंही तेच, १८५ मधून सुटला तरी दारूच्या नशेत सार्वजनिक जागी लोकांना त्रास दिला तर कलम ३५५ आहे, चोवीस तासांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा समाजसेवा. भर रस्त्यात सायकल आडवी लावून वाट अडवली तर २८५, पाच हजारांपर्यंत दंड. आणि हो, सायकलवाल्याकडे थर्ड पार्टी इन्शुरन्स नसतो, त्यामुळे त्या आजीच्या ऑपरेशनचा खर्च दिवाणी कोर्टाने भरायला लावला तर तो तुमच्या खिशातून जातो. कारवाल्याला निदान कंपनी असते पाठीशी.

आता उलट बाजू बघू, म्हणजे गाडीने सायकलवाल्याला उडवलं तर. हे नीट वाचा, कारण ह्यात घरच्यांचे पैसे बुडतात. लोकांना वाटतं की सायकलला इन्शुरन्स नाही म्हणजे भरपाई मिळणार नाही. असं अजिबात नाहीये. मोटर वाहनाच्या वापरातून अपघात झाला की जखमी माणूस कशावर बसला होता ह्याला महत्त्व नसतं. पायी चालणारा, सायकलवाला, कट्ट्यावर बसलेला, सगळे त्या गाडीच्या दृष्टीने थर्ड पार्टी, आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स नेमका ह्यांच्यासाठीच सक्तीचा केलाय. कलम १६६ खाली मोटर अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलीय, म्हणून बसून राहू नये. चूक कोणाची हे सिद्ध करायच्या भानगडीत पडायचं नसेल तर कलम १६४ आहे, मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. उडवून पळून गेला आणि गाडीचा पत्ताच लागला नाही तरी हिट अँड रनची वेगळी योजना आहे, तिथे मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजनाही आली, मोटर वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला ठरलेल्या हॉस्पिटलात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत उपचार.

पण दोन सायकली एकमेकांवर आदळल्या तर ह्यातलं काहीच नाही. मोटर वाहन नाही, म्हणून न्यायाधिकरण नाही, साध्या दिवाणी कोर्टात जा.

आणि इन्शुरन्स कंपनीचा वकील काय करतो तेही माहिती असू दे. तो म्हणतो सायकलवाल्याचीही चूक होती. रात्रीची वेळ, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अचानक उजवीकडे वळला, रॉन्ग साईडने येत होता. ह्याला सहभागी हयगय म्हणतात, आणि ती सिद्ध झाली की न्यायाधिकरण त्या टक्क्याने भरपाई कापतं. म्हणजे ज्या नियमांसाठी सायकलवाल्याला कधी तालांव मिळत नाही, त्याच नियमांचा हिशोब अपघातानंतर असा चुकता होतो. रिफ्लेक्टरसाठी केंद्राने २०२० मध्ये क्वालिटी कंट्रोल ऑर्डरसुद्धा काढलीय, त्यामुळे नवीन सायकलला पुढे, मागे, पेडलला आणि चाकांना ते असायला पाहिजेत. आपण काय करतो, पोरगं पहिल्याच आठवड्यात स्टाईल म्हणून काढून टाकतं आणि आपण बघत बसतो. मागचा लाल दिवा दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो घ्या.

ई-सायकलबद्दल वेगळं लिहावंच लागेल, कारण इथे दुकानदार सर्रास थापा मारतात. मोटर लावली म्हणजे यांत्रिक शक्ती आली, मग खरं तर ती मोटर वाहन व्हायला पाहिजे. पण केंद्रीय मोटर वाहन नियमांत २ (यू) म्हणून सूट आहे. मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, नीट ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. पेडल असिस्टवाली असेल तर २५ ला पोचताच किंवा तुम्ही पेडल मारायचं थांबवताच मोटर बंद झाली पाहिजे. ह्या चौकटीत बसली तर ती साध्या सायकलसारखीच, लायसन्स नको, नंबर नको. एक जरी अट मोडली तर ती सरळ मोटरसायकल. मग लायसन्स नसल्याचा पाच हजार, इन्शुरन्स नसल्याचा दोन हजार, हेल्मेटचा वेगळा, आणि चालवणारा पंधरा वर्षांचा असेल तर कलम १९९अ खाली पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. दुकानात 'लायसन्स लागत नाही' म्हणून विकलेली आणि एक वायर काढली की पंचेचाळीसने पळणारी, असली गाडी दहावीतल्या पोराला घेऊन देणाऱ्यांनी हा परिच्छेद परत वाचावा. टेस्टिंग एजन्सीचं सर्टिफिकेट दाखव म्हणावं दुकानदाराला, चेहरा बघा त्याचा.

राहिला रस्त्यावरच्या हक्काचा मुद्दा, टॅक्सवाला. गोव्यात गाडीचा टॅक्स १९७४ च्या मोटर वाहन कर कायद्याखाली घेतात. तो मोटर वाहन ठेवण्यावरचा कर आहे, रस्त्याचं तिकीट नव्हे. आणि मोटर वाहन कायद्यातच सार्वजनिक जागेची व्याख्या दिलीय, जिथे जनतेला जाण्याचा हक्क आहे असा रस्ता, गल्ली, वाट. जनतेला, मोटरवाल्याला असं नाही लिहिलं. पोदेर पावाच्या टोपलीसकट त्या जनतेत येतो. त्यातही २०१७ चे ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स उघडून बघा, तिथे चालकावरच जबाबदारी टाकलीय की पायी चालणारे, सायकलवाले, मुलं, म्हातारी माणसं, अपंग ह्यांची खास काळजी घ्यायची. म्हणजे रायबंदरच्या कॉजवेवर सायकलला घासून हॉर्न मारत जाणारा टॅक्सीवालाच नियम मोडत असतो.

पोर्तुगालने तर २०१४ पासून आकडाच घालून दिला, सायकलला ओव्हरटेक करताना निदान दीड मीटर अंतर सोडायचं. जाता जाता सांगतो, पोर्तुगाल १९२८ मध्ये रस्त्याच्या डावीकडून उजवीकडे गेला पण गोवा मात्र डावीकडेच राहिला, शेजारी सगळे डावीकडून चालवत होते म्हणून. नाहीतर १९६१ नंतर गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला आणि पोळेला काय गोंधळ झाला असता विचार करा.

हक्क असला तरी तो अमर्याद नाही. सरकार ठरावीक रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी घालू शकतं. मांडवीवरचा अटल सेतू २०१९ मध्ये सुरू झाला, त्यावर टू-व्हीलर आणि थ्री-व्हीलर सोडत नाहीत, मग सायकलची काय कथा. खालचे जुने पूल आहेत, बेतीची फेरीबोट आहे, पर्याय आहे म्हणून ते पटतं तरी. कोलकात्यात २०१३ मध्ये पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकल बंद केली होती, दूधवाले, पेपरवाले, प्लंबर सगळ्यांची वाट लागली. पर्याय न देता बंदी घातली की असंच होतं.

आणि हे आपल्याकडेही होऊ शकतं. २०१९ च्या दुरुस्तीत मोटर वाहन कायद्यात कलम १३८(१अ) घातलंय. त्यात राज्य सरकारला अधिकार दिलाय की पादचारी आणि 'यांत्रिक शक्तीने न चालणारी वाहनं' ह्यांच्या वावरासाठी रस्ता सुरक्षेच्या हेतूने नियम करावेत, राष्ट्रीय महामार्ग असेल तर हायवे ऑथॉरिटीशी बोलून. बघा, ज्या कायद्याने व्याख्येत सायकलला वाहन म्हणायचं नाकारलं त्यानेच एकतीस वर्षांनी मागच्या दाराने तिला वाहन म्हटलं. बरीच वर्षं हे कलम पडूनच होतं, मग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रस्ता सुरक्षेच्या जुन्या याचिकेत सगळ्या राज्यांना सांगितलं की ह्या कलमाखालचे नियम सहा महिन्यांत करा.

ह्या नियमांनी वर सांगितलेली फट बुजवता येते, म्हणजे सिग्नल, वन-वे, रात्रीचा दिवा हे सायकललाही बांधून घालता येतं, आणि ते व्हायलाच पाहिजे असं मला वाटतं, थोडासा दंड असला तरी चालेल. भीती दुसरीच आहे. 'रस्ता सुरक्षेच्या हेतूने' हे शब्द वापरून एनएच ६६ वरून सायकल सरळ हटवली आणि सर्व्हिस रोड दिलाच नाही, तर पर्वरीहून म्हापशाकडे कामाला जाणाऱ्या माणसाने कुठून जायचं? २०२२ साली देशात चार हजारांहून जास्त सायकलस्वार रस्त्यावर मेले, आणि त्यांना वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे त्यांनाच रस्त्यावरून काढणं, असं फाईलवर कुणीतरी लिहून टाकेल.

पण कलम २१२ प्रमाणे ह्या कायद्याखालचे नियम आधी मसुदा म्हणून छापावे लागतात आणि लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात. गोव्यातला मसुदा राजपत्रात येतो, राजपत्र ऑनलाईन फुकट वाचता येतं, आणि हरकत पाठवायला वकील लागत नाही, साधं पत्र पुरतं. त्यात निदान दोन गोष्टी मागाव्या असं माझं मत, एक म्हणजे जिथे पर्यायी वाट नाही तिथे बंदी नको, आणि दुसरं म्हणजे पाव, मासे, दूध, पेपर विकणाऱ्यांच्या सायकलींना लोड किती, टोपली केवढी असल्या बारक्या अटी घालून छळू नका, मागचा लाल दिवा आणि घंटा एवढंच सक्तीचं ठेवा. पोदेराच्या त्या पोंय पोंयला घंटा धरायची की नाही, तेही लिहून घ्यायला सांगा त्यांना.